पर्यायी मॉड्यूल एलियसमागे (टोपणनावामागे) दडले की इन्स्टॉलेशन आणि टेस्ट दोन्ही फसतात. पॅकेजची रचना कशी असावी?

दादर_बिलिंग

नमस्कार. सहकारी गृहनिर्माण संस्थांची मासिक देखभाल बिले तयार करणारे एक छोटे पायथन पॅकेज आम्ही तिघांनी मिळून लिहिले आहे. गेल्या आठवड्यात त्यातील एका चुकीमुळे बोरिवलीच्या एका सोसायटीच्या कार्यालयात मला अर्धा दिवस बसून राहावे लागले. चूक आमचीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली आणि पुढे कशी टाळावी, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. कोड चिकटवण्याऐवजी शब्दांतच सांगते.

आमच्या पॅकेजमध्ये, माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात लिहिणारे ओआरजेसन हे मॉड्यूल पर्यायी आहे. ते रस्टमध्ये लिहिलेले असून पायथनबरोबर येणाऱ्या जेसन मॉड्यूलपेक्षा बरेच वेगवान आहे, आणि एका वेळी शेकडो बिले काढताना तो फरक जाणवतो. मात्र सोसायट्यांच्या कार्यालयांतील जुन्या संगणकांवर ते बसेलच असे नसते. म्हणून आम्ही नेहमीची युक्ती केली: आधी ओआरजेसन हे ‘जेसन’ या एलियसने इम्पोर्ट करायचे, आणि इम्पोर्टएरर आला तर साधे जेसन घ्यायचे. हा चार ओळींचा तुकडा आमच्या पाच फायलींत जसाच्या तसा आहे. पॅकेजची माहिती असलेल्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये ‘फास्ट’ नावाचा एक्स्ट्रा, म्हणजे मागितल्यासच येणारी जास्तीची भर, ठेवला आहे. तो मागितला तरच पिप हे इन्स्टॉल करणारे साधन ओआरजेसन आणते.

बोरिवलीला मी पॅकेज त्या एक्स्ट्राशिवाय इन्स्टॉल केले. पहिलेच बिल काढताना टाइपएरर आला, कारण बिलाची तारीख जेसनमध्ये लिहिता येत नव्हती. आमच्या कार्यालयात हे कधीच घडले नव्हते. तिथल्या तिथे तारीख आणि बिल तयार केल्याची वेळ या दोन्हींना स्ट्रिंगमध्ये बदलून मी काम पुढे रेटले. बिले निघाली. मग खजिनदारकाकांनी आमच्या कार्यालयातून आधी पाठवलेला नमुन्याचा छापील कागद आणि नुकताच छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, आकडे सगळे तेच आहेत, पण खालचा तपासणी क्रमांक वेगळा कसा?” बिलाच्या जेसन मजकुरावर एसएचए-२५६ (मजकुराचा ठसा काढणारे हॅश फंक्शन) चालवून आम्ही तो क्रमांक काढतो, आणि बिलात कोणी फेरफार केलेला नाही हे सिद्ध करण्यासाठीच तो छापतो. क्रमांक जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी बिले वाटायला नकार दिला, आणि तो अगदी योग्य होता.

सगळ्यात जास्त खटकले ते हे की आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. परत आल्यावर पाहिले, तर टेस्टच्या ठिपक्यांच्या रांगेत अधूनमधून ‘एस’ हे अक्षर होते, म्हणजे त्या टेस्ट स्किप झाल्या होत्या, आणि आमच्यापैकी कोणीही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. पर्यायी मॉड्यूलला एलियस देण्याची ही पद्धतच चुकीची आहे, की ती वापरण्यात आमची चूक झाली? ओआरजेसन नसताना पॅकेज कसे वागते याची टेस्ट, ते इन्स्टॉल असलेल्या संगणकावर विश्वासाने करता येते का? आणि स्किप झालेल्या टेस्टकडे पाहण्याची शिस्त कशी लावावी?

मुलुंड_चाचणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझे रोजचे काम तेच आहे.

पर्यायी मॉड्यूल असलेल्या पॅकेजला किमान दोन अवस्था असतात: ते मॉड्यूल असताना आणि नसताना. टेस्ट एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन आणि पॅकेजांच्या एकाच संचात) चालवल्या तर त्यातली एकच अवस्था तपासली जाते, मग टेस्टची संख्या कितीही असो. तुमच्या डेव्हलपमेंटच्या संगणकांवर ओआरजेसन होते, त्यामुळे तुमची साध्या जेसनची वाट एकदाही चालली नाही. आणि तुमच्याकडे जो ‘एस’ दिसतो तो बहुधा टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवरचा आहे, जिथे ओआरजेसन नाही आणि टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या इम्पोर्ट-ऑर-स्किपने, म्हणजे मॉड्यूल नसेल तर टेस्ट वगळणाऱ्या सोयीने, त्या टेस्ट वगळल्या. म्हणजे नेमक्या ज्या ठिकाणी दोन वाटांची तुलना व्हायला हवी होती, तिथे तुलना करणारी टेस्टच बाजूला झाली.

उपाय म्हणून टॉक्स या, वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट चालवणाऱ्या साधनात दोन एन्व्हायर्नमेंट लिहा, एक कोणताही एक्स्ट्रा न घेता आणि एक ‘फास्ट’ घेऊन. टॉक्स आधी पॅकेज बांधते, ते नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करते आणि मग टेस्ट चालवते. त्यामुळे गिऱ्हाईक जे इन्स्टॉल करते त्याच वस्तूची टेस्ट होते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बसून पायथन-एम-पायटेस्ट अशी आज्ञा दिली, तर चालू फोल्डर शोधमार्गात जाते आणि इन्स्टॉल झालेल्या पॅकेजऐवजी समोरचा सोर्सच इम्पोर्ट होण्याची शक्यता राहते. एखादी फाइल व्हीलमध्ये (बांधून तयार झालेल्या पॅकेजमध्ये) जायची राहून गेली असेल तर ते या पद्धतीत कळत नाही. सोर्स ‘एसआरसी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरखाली ठेवला तर हा घोळ बव्हंशी टळतो.

आता स्किपबद्दल. पायटेस्टला ‘उणे आरएस’ हा पर्याय दिला की प्रत्येक स्किपचे कारण शेवटी छापले जाते. एवढ्याने भागत नाही, कारण छापलेले रोज वाचण्याचा कंटाळा माणसाला येतोच. म्हणून आम्ही टेस्ट सर्व्हरवर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवतो, आणि ते असेल तेव्हा ओआरजेसनची टेस्ट स्किप न होता नापास होते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर स्किप चालेल. ज्या एन्व्हायर्नमेंटचे कामच ‘फास्ट’ तपासणे आहे तिथे स्किप म्हणजे नापास. हा नियम एकदा घातला की शिस्तीचा प्रश्न माणसांवर अवलंबून राहत नाही.

मधल्या प्रश्नाचे उत्तर: होय, करता येते. पायथन इम्पोर्ट करताना आधी सिस.मॉड्यूल्स या डिक्शनरीत पाहतो. तिथे ओआरजेसनच्या नावासमोर ‘नन’ (काहीच नाही) हे मूल्य ठेवले, की ते मॉड्यूल डिस्कवर असूनही इम्पोर्ट करताना मॉड्यूलनॉटफाउंडएरर येतो. पायटेस्टच्या मंकीपॅचने (टेस्टपुरता तात्पुरता बदल करणाऱ्या सोयीने) हे केले तर टेस्ट संपल्यावर डिक्शनरी पूर्ववत होते. मात्र हे तुमच्या फायली इम्पोर्ट होण्याच्या आधी व्हायला हवे. एकदा एलियस बांधला गेला की नंतर डिक्शनरीत काहीही बदलले तरी त्या नावामागचे मॉड्यूल बदलत नाही.

पवई_पायथन

मुलुंडकरांनी टेस्टची बाजू पूर्ण मांडली आहे. मला एलियसबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या मते मूळ दोष तिथेच आहे.

दोन मॉड्यूलांना एकच नाव देता तेव्हा पुढचा सगळा कोड असे गृहीत धरतो की त्या नावामागे कोणीही असले तरी वागणूक सारखीच राहील. काही जोड्यांच्या बाबतीत हे गृहीत खरे असते. पायथन ३.११ मध्ये, म्हणजे २०२२ साली, टॉमल या सेटिंग-स्वरूपाच्या फायली वाचणारे टॉमलिब मॉड्यूल मानक लायब्ररीत आले, ते टॉमली या आधीच्या पॅकेजवरूनच घेतलेले आहे, त्यामुळे ३.११ च्या आधीच्या पायथनवर टॉमली आणून त्याला टॉमलिब हा एलियस देणे निर्धोक आहे. शिवाय तिथे निवड पायथनच्या आवृत्तीवर ठरते, आणि डिपेंडन्सीपुढे आवृत्तीची अट लिहिली की पिप ती पाळते; गिऱ्हाईकाने काय मागितले, काय विसरले, याचा संबंध येत नाही.

ओआरजेसन आणि जेसन ही जोडी तशी नाही. एक छोटा प्रयोग करून पाहा. ‘मुंबई’ हा शब्द दोन्हींना लिहायला द्या. त्यात पाच कोडपॉइंट (युनिकोडमधील सुटे घटक) आहेत: म, उकार, अनुस्वार, ब आणि ई. साधे जेसन मूळ सेटिंगमध्ये फक्त आस्की, म्हणजे मूळ इंग्रजी, अक्षरे लिहिते, म्हणून प्रत्येक कोडपॉइंटसाठी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे अशी सहा अक्षरे खर्च होतात. अवतरणचिन्हे धरून ३२ अक्षरांची स्ट्रिंग मिळते. ओआरजेसन तोच शब्द थेट यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट) लिहिते आणि अवतरणचिन्हांसह १७ बाइट देते, तेही स्ट्रिंग म्हणून न देता बाइट्स म्हणून. ज्या बिलात सदस्याचे नाव, इमारतीचे नाव आणि पत्ता मराठीत आहे, त्याच्या दोन जेसन रूपांत साम्य उरणे शक्यच नाही. शिवाय साधे जेसन स्वल्पविराम आणि विसर्गचिन्हानंतर एक जागा सोडते, ओआरजेसन सोडत नाही. तेव्हा बिल संपूर्ण इंग्रजीत असते तरी तुमचा तपासणी क्रमांक वेगळाच आला असता. जे आमच्या भाषेत लिहितात त्यांनी हा ३२ आणि १७ चा फरक मनात कायम ठेवावा, कारण इंग्रजी मजकुरावर लिहिलेल्या टेस्टमध्ये त्यातला अर्धा दोष दिसतच नाही.

आणखी फरक आहेत. तारीख आणि वेळ ओआरजेसन स्वतःहून लिहिते, जेसन टाइपएरर देते. तुमचा पहिला अडथळा तोच. ‘संख्या नाही’ या अर्थाचे मूल्य आले तर जेसन ते तसेच लिहिते, ओआरजेसन तिथे ‘नल’ लिहिते. डिक्शनरीच्या किल्ल्या पूर्णांक असतील तर जेसन त्यांना मुकाट स्ट्रिंग करते, ओआरजेसन वेगळा पर्याय दिल्याशिवाय नकार देते. फाइलमध्ये थेट लिहिणारे ‘डम्प’ हे फंक्शन ओआरजेसनमध्ये नाहीच.

म्हणून माझा सल्ला असा की त्या पाच फायलींतले पाचही तुकडे काढून टाका आणि पॅकेजच्या आत एकच मॉड्यूल करा, ज्यात तुम्हाला खरोखर लागणारी दोनच फंक्शने असतील: बिलाचे बाइट्स करणारे आणि बाइट्सवरून बिल परत वाचणारे. ओआरजेसनवर बेतलेले एक रूप आणि साध्या जेसनवर बेतलेले दुसरे रूप, अशी दोन रूपे वेगवेगळ्या फायलींत स्वतःच्या नावाने ठेवा. साध्या जेसनच्या रूपात आस्कीची सक्ती बंद करा, स्वल्पविराम आणि विसर्गचिन्हानंतरची जागा काढा, तारखा आणि वेळा आयएसओ पद्धतीने लिहा आणि शेवटी यूटीएफ-८ मध्ये बाइट्स करा. एलियस फक्त एका जागी, सर्वांत वरच्या थरावर.

याचा नमुना पायथनच्या मानक लायब्ररीतच आहे. ओएस.पाथ हे स्वतंत्र मॉड्यूल नाही. ओएस मॉड्यूल लोड होताना कोणत्या संगणकावर आपण आहोत ते पाहते, पॉझिक्सपाथ (लिनक्स, मॅकसाठी) किंवा एनटीपाथ (विंडोजसाठी) यांपैकी एक निवडते आणि सिस.मॉड्यूल्समध्ये त्याची ओएस.पाथ या नावाने नोंद करते. पण यातली मोलाची गोष्ट वेगळी आहे: लिनक्सवर बसूनही तुम्ही एनटीपाथ त्याच्या मूळ नावाने इम्पोर्ट करून विंडोजच्या मार्गांची टेस्ट करू शकता. एलियस निवड करतो, परंतु न निवडलेल्या रूपाला झाकून टाकत नाही. तुमची दोन रूपे अशीच स्वतःच्या नावाने हाताशी राहिली, तर ओआरजेसन असलेल्या संगणकावर एकाच टेस्टमध्ये दोघांना तेच बिल देऊन बाइट्स जुळतात की नाही ते पाहता येईल, आणि साध्या रूपाची टेस्ट तर कुठेही, कधीही स्किप होणार नाही.

विलेपार्ले_सर्व्हर

एक छोटी पण महत्त्वाची भर. ‘इम्पोर्टएरर आला तर’ ही अट फार सैल आहे.

पायथन ३.६ पासून मॉड्यूलनॉटफाउंडएरर हा इम्पोर्टएररचा वेगळा उपप्रकार आहे. मॉड्यूल सापडलेच नाही तर तो येतो. मॉड्यूल सापडले पण लोड होताना मोडले, उदाहरणार्थ त्याला लागणारी सिस्टिमची शेअर्ड लायब्ररी गायब आहे, तर साधा इम्पोर्टएरर येतो. तुमचा कोड या दोन्हींना ‘नाही’ असेच समजतो. मी ज्या सर्व्हरची देखभाल करत होतो तिथे एक्सएमएल वाचणारे एलएक्सएमएल हे मॉड्यूल सिस्टिमच्या लायब्ररीवर बांधलेले होते; ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर ती लायब्ररी गेली, प्रोग्रॅम गुपचूप मानक लायब्ररीच्या एलिमेंटट्रीवर उतरला, आणि कित्येक आठवडे ‘हल्ली जरा हळू चालते’ एवढीच तक्रार येत राहिली. एके दिवशी कोडची एक क्वचित लागणारी वाट आली, जी एखाद्या घटकाचा पालक घटक शोधण्यासाठी गेटपेरेंट मागते. ती सोय एलिमेंटट्रीत नाही. रात्री अकरा वाजता काम ठप्प झाले तेव्हा कुठे खरे कारण हाती लागले.

म्हणून फक्त मॉड्यूलनॉटफाउंडएरर पकडा, आणि पकडल्यावर त्या एररमधील नाव ओआरजेसनच आहे ना तेही पाहा. नाव दुसरे असेल तर ओआरजेसन आहे पण त्याला लागणारे काहीतरी नाही, असा अर्थ होतो. तो एरर पुन्हा वर जाऊ द्या. पायटेस्टनेही हाच धडा घेतला आहे: आवृत्ती ८.२ पासून इम्पोर्ट-ऑर-स्किपला साधा इम्पोर्टएरर मिळाला तर ते इशारा देते. आणि कोणते रूप निवडले गेले, त्याची एक ओळ प्रोग्रॅम सुरू होताना लॉगमध्ये लिहा. तुमच्या खजिनदारकाकांनी कागदांवरून जे ओळखले, ते त्या एका ओळीने तुम्हाला पाच मिनिटांत सांगितले असते.

दादर_बिलिंग

आपणा तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस याच कामात होते.

पवईकरांनी सांगितल्याप्रमाणे दोन रूपे वेगळी केली आणि दोघांना एकच बिल देऊन बाइट्स शेजारी ठेवले. पहिल्या प्रयत्नात ते जुळले नाहीत. फरक एकाच अक्षराचा निघाला, आणि तो माझ्याच हातचा होता. बोरिवलीला मी घाईत वेळेला सरळ स्ट्रिंगमध्ये बदलले होते, तोच तुकडा नव्या रूपात नकळत आला. तशी बदललेली वेळ तारीख आणि तास यांच्यामध्ये एक मोकळी जागा ठेवते, तर ओआरजेसन त्याच ठिकाणी ‘टी’ हे अक्षर लिहिते. आयएसओ रूप मागितल्यावर ‘टी’ आला आणि बाइट्स जुळले. नुसत्या तारखेच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते, त्यामुळे माझ्या टेस्टमध्ये फक्त तारीख असती तर हे सुटून गेले असते.

आता एक नवी अडचण. ‘नन’ ठेवून टेस्ट करताना आमचे निवड करणारे मॉड्यूल आधीच लोड झालेले असते, म्हणून मी ते रीलोड केले. त्यानंतर भलत्याच टेस्ट नापास होऊ लागल्या: आमचा स्वतःचा ‘बिलचूक’ हा एक्सेप्शन वर फेकला जातो, समोर त्याच नावाचा एक्सेप्ट आहे, तरीही तो पकडला जात नाही. नाव तेच, फाइल तीच. हे कसे शक्य आहे?

मुलुंड_चाचणी

याचा इशारा मी पहिल्याच उत्तरात द्यायला हवा होता, ती माझी चूक.

रीलोड केल्यावर फाइलमधील सर्व ओळी पुन्हा चालतात, म्हणजे ‘बिलचूक’ हा क्लास नव्याने तयार होतो. ज्या फायलींनी आधीच जुना क्लास नावाने घेऊन ठेवला आहे, त्यांच्याकडे जुनाच राहतो. पायथन क्लासची ओळख नावावरून पटवत नाही, वस्तूवरून पटवतो. त्यामुळे नवा क्लास फेकला जातो, जुना क्लास त्याची वाट पाहत बसतो आणि दोघांची गाठ पडत नाही. इज-इन्स्टन्स तपासणीही अशीच खोटी ठरते.

हाच आजार एलियसमुळे रीलोड न करताही होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. समजा पॅकेजचे नाव बदलले आणि जुने नाव वापरणाऱ्यांसाठी सिस.मॉड्यूल्समध्ये जुन्या नावासमोर नवे पॅकेज ठेवले. वरवर सगळे ठीक चालते. पण कोणी जुन्या नावाने आतले उपमॉड्यूल मागितले, तर त्या पूर्ण नावाची नोंद डिक्शनरीत नसल्यामुळे पायथन तीच फाइल दुसऱ्यांदा लोड करतो, आणि एका फाइलच्या दोन प्रती मेमरीत नांदू लागतात. एलियस द्यायचाच असेल तर प्रत्येक उपमॉड्यूलची नोंद करावी लागते, आणि दोन्ही नावांनी मिळणारी वस्तू एकच आहे हे ‘इज’ने तपासणारी टेस्ट लिहावी लागते.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. निवड करणाऱ्या मॉड्यूलमध्ये क्लास, एक्सेप्शन असे काहीही ठेवू नका, फक्त निवड ठेवा. मग ते रीलोड झाले तरी कोणाची ओळख बिघडत नाही. आणि ‘ओआरजेसन नसताना’ची टेस्ट वेगळ्या पायथन प्रोसेसमध्ये चालवा: ती प्रोसेस सुरू होताच ‘नन’ ठेवायचा, मग पॅकेज इम्पोर्ट करायचे, एक बिल काढायचे आणि क्रमांक छापायचा. सेकंदभर जास्त लागेल, पण आजूबाजूच्या टेस्टना धक्का लागणार नाही. तरीही माझा खरा भरवसा टॉक्सच्या एक्स्ट्राविना एन्व्हायर्नमेंटवरच राहील. ‘नन’ ठेवणे हे मॉड्यूल नसल्याचे सोंग आहे. गिऱ्हाईकाकडे ते मॉड्यूल खरोखरच नसते.

माटुंगा_लॅब

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा सांभाळते. इन्स्टॉलेशनच्या बाजूने काही सांगावेसे वाटते, आणि एक मतभेदही नोंदवायचा आहे.

पिपला अस्तित्वात नसलेला एक्स्ट्रा मागितला तर ते थांबत नाही. ‘या पॅकेजमध्ये असा एक्स्ट्रा नाही’ एवढा इशारा देऊन बाकीचे इन्स्टॉल करते आणि यशस्वी झाल्याचे सांगते. ‘फास्ट’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तर ओआरजेसन येणार नाही आणि तुमच्या फॉलबॅकमुळे (साध्या जेसनवर उतरण्यामुळे) कोणाला पत्ताही लागणार नाही. (मॅकवर झेडशेलमध्ये चौकटी कंसांना अवतरणचिन्हे दिली नाहीत तर आज्ञाच चालत नाही, ते त्यामानाने बरे, निदान लगेच कळते.) तसेच, पॅकेज कोणत्या एक्स्ट्रासह इन्स्टॉल केले होते याची नोंद नंतर कुठेही मिळत नाही. म्हणून एक्स्ट्रा मागितला होता का, हे प्रोग्रॅमला विचारण्याचा प्रयत्न करू नका. मॉड्यूल प्रत्यक्ष इम्पोर्ट होते का आणि त्याची आवृत्ती कोणती, एवढेच खात्रीने विचारता येते.

दुसरी गोष्ट नावांची. इन्स्टॉल करायचे नाव आणि इम्पोर्ट करायचे नाव वेगळे असू शकते: पायवायएएमएल इन्स्टॉल करून यामल इम्पोर्ट करायचे, पिलो इन्स्टॉल करून पीआयएल इम्पोर्ट करायचे. आमच्याकडे त्रास झाला तो प्रतिमा हाताळणाऱ्या ओपनसीव्हीमुळे. ओपनसीव्ही-पायथन आणि ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस ही दोन वेगळी पॅकेजे सीव्ही२ हे एकच मॉड्यूल देतात, आणि पिपच्या दृष्टीने त्यांच्यात संघर्ष नाही. एका विद्यार्थ्याच्या संगणकावर दोन्ही होती. एक नको म्हणून काढले, तर सामाईक फायली त्याच्याबरोबर गेल्या आणि यादीत नाव असूनही दुसरे चालेना. दोन्ही काढून एकच पुन्हा टाकल्यावर मार्गी लागले. पायथन ३.१० पासून इम्पोर्टलिब.मेटाडेटामध्ये कोणते मॉड्यूल कोणत्या पॅकेजने दिले हे सांगणारे फंक्शन आहे. टेस्टच्या सुरुवातीला ते छापून ठेवणे फार उपयोगी पडते.

एका मॉड्यूलच्या जागी दुसरे उभे राहण्याचे आणखी एक उदाहरण नवीन पायथनवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधण्याचे जुने मॉड्यूल काढून टाकले आहे. पण सेटअपटूल्स इन्स्टॉल असेल तर ते आपली प्रत त्याच नावाने पुरवते. त्यामुळे एका संगणकावर डिस्टयूटिल्स इम्पोर्ट होते, दुसऱ्यावर होत नाही, आणि ३.१२ पासून व्हीएन्व्ह हे एन्व्हायर्नमेंट बनवणारे साधन नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप टाकत नसल्यामुळे हा फरक अधिकच उघडा पडतो.

आता मतभेद. तुमच्या बिलांसाठी ओआरजेसन पर्यायी ठेवण्याची गरजच काय? एका सोसायटीत फार तर काहीशे सदनिका असतील. दोन अवस्था सांभाळण्याचा खर्च पाहता साधे जेसन सक्तीचे करून विषय संपवावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पवई_पायथन

माटुंग्याच्या मॅडमचे म्हणणे एका सोसायटीपुरते मला मान्य आहे. ज्या पर्यायाची टेस्ट करायला आपल्याकडे वेळ नाही, तो पर्याय पॅकेजमध्ये ठेवू नये. पण दादरकर एका वेळी अनेक सोसायट्यांची बिले कार्यालयातून काढत असतील तर आधी वेळ मोजून पाहा. बिल छापण्याच्या वेळेच्या तुलनेत जेसनचा वेळ नगण्य निघाला, तर ओआरजेसन काढा. दोन रूपांची बाइट-तुलना करणारी ती टेस्ट मात्र जपून ठेवा. पुढे कोणी तिसरे रूप आणले तर तीच कामाला येईल.

दादर_बिलिंग

वेळ मोजली. आमचा बहुतेक वेळ पीडीएफ बनवण्यात जातो. जेसनचा वाटा इतका लहान आहे की एका बिलामागे तो जाणवतही नाही. त्यामुळे सोसायट्यांकडे जाणाऱ्या पॅकेजमधून ओआरजेसन आणि ‘फास्ट’ हा एक्स्ट्रा दोन्ही काढत आहोत. आमच्या कार्यालयातील जुन्या बिलांच्या फेरतपासणीसाठी मात्र त्याचे रूप स्वतःच्या नावाने ठेवले आहे, कारण ती सगळी बिले ओआरजेसननेच लिहिलेली आहेत आणि त्यांचे क्रमांक लोकांच्या हाती छापील आहेत. साध्या जेसनचे नवे रूप तेच बाइट्स देते, हे सध्या साठवलेल्या प्रत्येक जुन्या बिलावर चालवून पाहत आहोत. टेस्टच्या नमुना बिलात सदस्याचे नाव, इमारत आणि पत्ता आता मराठीतच आहेत, आणि तारखेबरोबर वेळही आहे.

टॉक्सची दोन्ही एन्व्हायर्नमेंट ठेवली आहेत. एक्स्ट्राविना एन्व्हायर्नमेंटमध्ये काल पहिल्यांदाच एकही ‘एस’ आला नाही. शनिवारी बोरिवलीला जाऊन त्या दिवशीची बिले रद्द करून नवी छापून देणार आहे. खजिनदारकाकांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधीचा कागद जपून ठेवला असल्याचे सांगितले, तो सोबत ठेवूनच क्रमांक जुळवू.